पावसाळ्यात पेलेट बर्नर पेटत नाही : धूर येतो, पण जाळ धरत नाही

खवा_मेढा

रामराम मंडळी. मेढ्यात खव्याची भट्टी आहे. कढईखाली लाकडाऐवजी पेलेटचा (भुसा दाबून केलेल्या बारीक कांड्यांचा) ऑटोमॅटिक बर्नर बसवलाय, ताशी १० किलोचा. हॉपर (पेलेटची टाकी), स्क्रू (पेलेट पुढं ढकलणारा), ब्लोअर, ३०० वॅटचा इग्नायटर (पेटवणारा हीटर) आणि पॅनेल, असा नेहमीचाच संच. उन्हाळाभर बटण दाबलं की चार-पाच मिनिटांत जाळ धरायचा. पाऊस लागल्यापासून पहाटे पेटायचं नाव घेत नाही.

होतं असं की स्क्रू पेलेट टाकतो, ब्लोअर हळू फिरतो, सात-आठ मिनिटांनी पातळ पांढरा धूर येतो आणि बारा मिनिटं झाली की पॅनेलवर ‘इग्निशन फेल’. गार झाल्यावर पेलेट जळतात ती वाटी बाहेर काढून पाहिली. इग्नायटरच्या भोकासमोरचे पेलेट काळे-तपकिरी पडलेले आणि वरचे जसेच्या तसे. दुपारी कधीकधी हाच बर्नर काहीही न करता पेटतो.

पेलेट बगॅस (उसाचं चिपाड) आणि लाकडी भुशाच्या मिश्रणाचे, ८ मिमी. पोती पत्र्याच्या शेडमध्ये फरशीवर रचलेली. विक्रेता म्हणतो इग्नायटर गेला, नवा मागवा. पैसे घालायला हरकत नाही, पण तोच गेलाय हे कशावरून ठरवायचं? पहाटे दूध येतं, भट्टी थांबली की दूध नासायची वेळ येते, म्हणून सध्या गॅसवर भागवतोय आणि ते परवडत नाही. कामगार म्हणतात वाटीत रॉकेलचा बोळा टाकून पेटवू. चालेल का?

बर्नर_मिस्त्री_कराड

दादा, शेवटचं आधी घेतो. रॉकेल, डिझेल, पेट्रोल, थिनर, काहीही वाटीत टाकू नका. पेलेट धुमसत असताना जो पांढरा धूर निघतो तो न जळलेला गॅसच असतो. भट्टीची पोकळी त्यानं भरलेली असताना आत ठिणगी पडली की सगळा एकदम पेटतो, झाकण उडतं आणि समोरच्याचं तोंड भाजतं. इग्निशन फेल झाल्यावर दार लगेच उघडायचं नाही, काडी दाखवायची नाही. ब्लोअर चालू ठेवून धूर पूर्ण निघून जाऊ द्यायचा, गार होऊ द्यायचं, मेन स्विच बंद करायचा, वाटी रिकामी करायची आणि मगच पुन्हा सुरू करायचं. अर्धवट धुमसलेल्या पेलेटवर दुसरा हप्ता टाकून पुन्हा बटण दाबणं हा सगळ्यात वाईट प्रकार. वाटी दुप्पट भरते, हवा अडते आणि गॅस आणखी होतो.

आता इग्नायटर. तो मेला असता तर पेलेट गारच राहिले असते, धूरही आला नसता. तुमच्याकडं भोकासमोरचे पेलेट काळे पडलेत, म्हणजे इग्नायटरचा रॉड तापतोय. तो पुरेसा तापत नसेल, किंवा त्याची उष्णता दुसरीकडं खर्च होत असेल. तेव्हा नवा मागवायच्या आधी हे बघा.

पहिलं, रॉडचा रेझिस्टन्स. मेन बंद करा, इग्नायटरच्या दोन्ही वायरी पॅनेलमधून सोडवा आणि मल्टीमीटर ओहमवर लावा. स्टीलच्या ३०० वॅट, २३० व्होल्टच्या रॉडला साधारण १७६ ओहम यायला हवेत. २३० चा वर्ग भागिले ३००, एवढाच हिशेब. १६५ ते १९० मध्ये काहीही आलं तरी रॉड ठीक. मीटर काहीच दाखवत नसेल तर रॉड आतून तुटलाय. एक टोक रॉडच्या वायरीला आणि दुसरं त्याच्या स्टीलच्या अंगाला लावूनही बघा, तिथं काहीच यायला नको. काही आलं तर आत ओल शिरलीय, अर्थला लिकेज आहे. अशा वेळी आरसीसीबी (लिकेज झालं की लाइन तोडणारा स्विच) असेल तर ट्रिप होतो आणि नसेल तर भट्टीला हात लावणाऱ्याला झटका बसतो. सिरॅमिकचा इग्नायटर असेल तर १७६ चा हिशेब धरू नका, तो थंड असताना आकडा कमी दाखवतो.

दुसरं, इग्नायटरची नळी. या बर्नरमध्ये रॉड पेलेटला टेकत नाही. रॉडभोवतीच्या नळीतून हवा जाते, ती तापते आणि भोकातून पेलेटवर येते. नळी राखेनं भरली की रॉड लाल होतो, पण गरम हवा पेलेटपर्यंत येतच नाही, आणि रॉड स्वतःच्या उष्णतेनं लवकर जातो. रॉड काढून नळीत उलट्या बाजूनं कॉम्प्रेसरची हवा मारा. बसवताना रॉडचं टोक पहिल्या खुणेइतकंच आत जाऊ द्या. पुढं सरकवलं तर भोक बुजतं, मागं राहिलं तर वाटेतला पत्राच तापत बसतो.

तिसरं, पहिला हप्ता. स्क्रूखाली बादली धरा, पेटवण्याच्या वेळेइतका स्क्रू चालवा आणि वजन करा. या मापाच्या बर्नरला १५० ते २५० ग्रॅम पुरतात. इग्नायटरचं भोक जेमतेम झाकलं जावं. अर्धा किलो पडत असेल तर त्या ढिगाला तापवायची ताकद ३०० वॅटमध्ये नाही. पेलेट बदलले की हे माप बदलतं. आखूड पेलेट स्क्रूत दाटून बसतात आणि जास्त पडतात, लांब असले की कमी पडतात. बहुतेक लोक पॅनेलवरचे सेकंद एकदा लावतात आणि पोती बदलली तरी त्याला हात लावत नाहीत.

पेलेटबद्दल इथं कोणीतरी नीट लिहावं. माझा पहिला संशय ओल आणि व्होल्टेज यांच्यावर आहे, आणि दोन्ही एकाच वेळी असू शकतं.

तारजोडणी_कोरेगाव

मिस्त्रींनी व्होल्टेज म्हटलंय, त्यावर जोर देतो. पहाटे पेटत नाही आणि दुपारी पेटतो, यातच अर्धं उत्तर आहे.

हीटरची ताकद व्होल्टेजच्या वर्गानं घटते. २३० ला ३०० वॅट देणारा रॉड २०० व्होल्टला साधारण २२७ देतो आणि १७० व्होल्टला १६४, म्हणजे निम्म्यापेक्षा जरा जास्त. दिवे लागतात, पॅनेल चालतं, ब्लोअरही फिरतो, त्यामुळं कोणाला संशय येत नाही. आजकालचे एलईडी दिवे तर १५० व्होल्टलाही तसेच उजेड देतात, त्यांच्याकडं बघून काही कळत नाही.

मोजायचं कसं ते महत्त्वाचं. सॉकेटवर नुसता मीटर लावून २२० आला म्हणून समाधान मानू नका. बर्नर पेटवण्याच्या टप्प्यात असताना, पहाटे जी यंत्रं चालू असतात ती सगळी चालू ठेवून मोजा. एकदा घराच्या मीटरपाशी आणि एकदा बर्नरच्या सॉकेटपाशी. दोन्हींतला फरक म्हणजे तुमच्या वायरिंगमधली घट. मीटरपाशीच कमी असेल तर विषय महावितरणचा, तिथं ठीक असेल तर विषय घरातला.

क्लॅम्प मीटर (वायरीभोवती चिमटा लावून अँपिअर मोजणारा) असेल तर आणखी सोपं. इग्नायटरची एकच वायर क्लॅम्पमध्ये घ्या, दोन्ही घेतल्या तर शून्यच येईल. पूर्ण व्होल्टेजला १.३ अँपिअर दिसतील. १ किंवा त्याखाली असतील तर रॉड उपाशी आहे. शून्य असतील तर पॅनेलचा फ्यूज, रिले आणि जोडणी बघा. चालू लाइनवरचं हे काम वायरमनकडूनच करून घ्या, ओल्या फरशीवर अनवाणी उभं राहून तर अजिबात नको.

आणि पहाटे भट्टीबरोबर काय काय चालू असतं, तेवढं लिहा.

बेकरी_वाई

पेलेटचं मी लिहिते.

जावळीतल्या पावसात फरशीवर ठेवलेली पोती म्हणजे खालचा थर गेलाच म्हणून समजा. विणलेल्या प्लास्टिकच्या पोत्यातून हवा आरपार जाते. पेलेट ओल पितो, फुगतो, त्याची चकाकी जाते. चांगला पेलेट गुळगुळीत, चकचकीत असतो आणि मोडताना कट्ट आवाज होतो. ओला झालेला बोटांनी चुरगळतो, अंगावर आडव्या भेगा दिसतात आणि हातात धरला की पीठ लागतं. हॉपरच्या तळाशी हात घालून बघा, भुकटी असेल तर सगळं काढून टाका. भुकटी वाटीत बसली की हवेची भोकं बंद होतात.

नक्की आकडा हवा असेल तर १०० ग्रॅम पेलेट मोजून घ्या, ओव्हनमध्ये १०५ अंशाला ठेवा आणि वजन कमी व्हायचं थांबेपर्यंत अधूनमधून मोजा. ९२ ग्रॅम उरले तर ओल ८ टक्के, उत्तम. ८८ उरले तर १२, पेटायला त्रास. ८५ च्या खाली गेलं तर ती पोती ऑटोमॅटिक बर्नरमध्ये घालूच नका. युरोपात घरच्या पेलेट स्टोव्हसाठी एन-प्लस ए-वन असा दर्जा चालतो. त्यात ओल जास्तीत जास्त १० टक्के आणि राख ०.७ टक्के. हे पेटवणारे इग्नायटर अशा लाकडी पेलेटच्या हिशेबानं घडलेले आहेत. आपल्याकडच्या शेतमालाच्या पेलेटला राख कितीतरी जास्त. भाताच्या तुसात तर पंधरा-वीस टक्के राख असते. इंधन स्वस्त मिळतं, पण वाटी रोज साफ करावी लागते, हे धरूनच चालायचं.

ओलीचा हिशेबही सांगते. पेलेट ८ ऐवजी १६ टक्के ओले असले तर २०० ग्रॅमच्या हप्त्यात १६ ग्रॅम पाणी जास्तीचं. ते तापवून वाफ करायला साधारण ४१ किलोज्यूल लागतात. रॉड पूर्ण ताकदीवर असेल तर त्याची सव्वादोन मिनिटांची सगळी उष्णता, आणि व्होल्टेज पडून निम्म्यावर आला असेल तर चार-साडेचार मिनिटांची. प्रत्यक्षात बरीचशी उष्णता हवेबरोबर निघून जाते, त्यामुळं वेळ याहून जास्तच जातो. पॅनेलनं दिलेली बारा मिनिटं अशी संपतात.

वाटीतलं खंगर (वितळून घट्ट झालेली राख) दररोज काढता ना? पत्रीनं खरवडून प्रत्येक भोकात तार घाला, वाटी उजेडासमोर धरून सगळी भोकं दिसतात का ते बघा. इग्नायटरसमोरचं भोक आधी.

आणखी एक. कधी जाळ डोळ्यांना दिसत असूनही पॅनेल ‘फेल’ म्हणालं, तर दोष फोटोसेलचा, म्हणजे जाळ ओळखणाऱ्या सेन्सरचा. त्याची काच काजळीनं काळी झाली की त्याला जाळ दिसत नाही आणि पॅनेल पेलेट टाकायचं थांबवतं. मऊ कोरड्या फडक्यानं पुसायची, पाण्यानं नाही. तुमचा प्रश्न तो दिसत नाही, पण पावसाळ्यात धूर जास्त होतो आणि काच लवकर काळी होते, म्हणून सांगून ठेवते.

खवा_मेढा

ताई, मिस्त्री, सगळ्यांचे आभार. वायरमनला घेऊन पहाटेच मोजमाप केलं.

रॉड १७८ ओहम. अंगाला लिकेज काही नाही. नळीत राख होती, हवा मारून साफ केली. पहिला हप्ता ३४० ग्रॅम पडत होता, तो २०० वर आणला.

व्होल्टेज मीटरपाशी २०८, बर्नरपाशी १७६. इग्नायटरला १ अँपिअरच्या आतबाहेर. पहाटे त्याच लाइनवर विहिरीचा दीड एचपीचा पंप, दूध ठेवायचा डीप फ्रीझर आणि खवा घोटायच्या यंत्राची मोटर असते. सगळं मिळून वायरमनच्या क्लॅम्पवर १८ अँपिअर. मीटरपासून भट्टी ४० मीटर, वायर १.५ स्क्वेअरची (चौरस मिमी जाडीची) तांब्याची. दुपारी पंप आणि घोटणी बंद असते.

ताईंनी सांगितलेली ओल : वरच्या पोत्याची ९ टक्के, फरशीवरच्या पोत्याची १७.

तारजोडणी_कोरेगाव

मग आता कोडं राहिलं नाही. १७६ व्होल्टला तुमचा रॉड साधारण १७५ वॅट देतोय.

पण याहून गंभीर गोष्ट या आकड्यांत आहे. १.५ स्क्वेअरच्या तांब्याच्या वायरीचा रेझिस्टन्स किलोमीटरला साधारण १२ ओहम. जाऊन-येऊन ८० मीटर म्हणजे जवळजवळ १ ओहम. १८ अँपिअरला घट व्हायला हवी सतरा-अठरा व्होल्ट. तुमच्याकडं झालीय ३२. उरलेले चौदा-पंधरा व्होल्ट कुठंतरी एखाद्या जॉइंटमध्ये, स्विचमध्ये किंवा प्लगच्या पिनेत जातायत. १५ व्होल्ट गुणिले १८ अँपिअर, म्हणजे २७० वॅटची उष्णता त्या एका जागी. बर्नरच्या इग्नायटरपेक्षा जास्त वॅट तुमच्या वायरिंगमध्ये जळतायत. ती जागा आज शोधा, उद्यावर ढकलू नका. मेन बंद करून प्रत्येक जॉइंट आणि सॉकेट उघडून बघा. प्लास्टिक तपकिरी झालेलं असेल, पितळी पिन काळी पडलेली असेल, वायरचं इन्सुलेशन कडक होऊन तुटत असेल. न्यूट्रलची बाजूही तितकीच बारकाईनं बघायची, लोक फक्त फेज तपासतात आणि सैल न्यूट्रल तसाच राहतो.

दुसरं, बर्नरला मीटर बोर्डापासून स्वतंत्र लाइन द्या. २.५ स्क्वेअर, ६ अँपिअरचा एमसीबी (जादा करंटला पडणारा स्विच), अर्थिंगसह. रॉड, ब्लोअर आणि स्क्रू मिळून लागतात दोनेक अँपिअर. तेवढ्याला ४० मीटरवर घट सव्वा व्होल्ट. पंप चालो न चालो, बर्नरला फरक पडायचा नाही. पंप आणि घोटणीच्या लाइनला मात्र ४ स्क्वेअर ओढा. १८ अँपिअर १.५ वर सतत चालवणं धोक्याचं आहे.

स्टॅबिलायझर घेऊ नका. तो घट झाकून ठेवतो आणि जास्त अँपिअर ओढून सैल जॉइंट आणखी तापवतो.

बर्नर_मिस्त्री_कराड

सहमत. हप्ता २०० वर आणलात तो तसाच राहू द्या. पॅनेलमध्ये पेटवणीच्या वेळचा ब्लोअरचा वेग वेगळा लावता येतो, तोही बघा. फार वेगानं हवा आली की रॉडची उष्णता उडून जाते आणि धुमसणारा निखारा विझतो. फार कमी असली की धूर कोंडतो. वाटीच्या वर कागदाची पातळ पट्टी धरून बघायची (बर्नर गार असताना, फक्त ब्लोअर चालवून). पट्टी हलकी फडफडली पाहिजे, उडून जाता कामा नये. जाळ धरल्यावर वेग आपोआप वाढतो.

धुराड्याची टोपीही एकदा बघून घ्या. पावसासाठी मोठी टोपी लावतात आणि ती पाइपच्या तोंडावर टेकवून बसवतात. मग धूर निघायला जागा राहत नाही. पाइपच्या व्यासाच्या निम्मं तरी अंतर मोकळं हवं. बंद खोलीत धूर मागं फिरला तर कार्बन मोनॉक्साइडचा धोका असतो. त्याला वास नसतो, म्हणून भट्टीच्या खोलीची खिडकी पावसातही पूर्ण बंद करायची नाही.

खवा_मेढा

जागा सापडली. पंपाच्या स्विचशेजारच्या जॉइंट बॉक्समध्ये न्यूट्रलचा पीळ सैल होता, टेप वितळून चिकटलेली. तो भाग कापून नवीन कनेक्टर टाकला. बर्नरची वेगळी लाइनही झाली, ४ स्क्वेअरचं काम उद्या. सगळं चालू असताना बर्नरपाशी आता २०६ मिळतात. वरच्या पोत्यातल्या पेलेटवर पहाटे साडेचार मिनिटांत जाळ धरला. नवा इग्नायटर मागवलेला नाही.

आता फरशीवरची सतरा टक्क्यांची सहा पोती आहेत. उन्हं पडली की वाळवून वापरता येतील का?

बेकरी_वाई

जे अजून अखंड आणि कडक आहेत ते वापरता येतील. ताडपत्रीवर दोन बोटं जाडीचा थर पसरा, मधूनमधून हलक्या हातानं उलटा, फावड्यानं ओढू नका. वाळल्यावर चाळून भुकटी वेगळी काढा आणि पुन्हा १०० ग्रॅमची चाचणी करा. ओल १० टक्क्यांच्या आत आली तर कोरड्या पेलेटमध्ये अर्धे-अर्धे मिसळा, तेही जाळ पूर्ण धरल्यानंतरच्या हॉपरसाठी. पेटवणीचा पहिला हप्ता कायम कोरड्या पोत्यातलाच ठेवा. एक झाकणाचा डबा त्यासाठी वेगळा काढून ठेवलात तर पहाटेची धांदल वाचेल.

फुगून भेगाळलेले पेलेट वाळवले तरी पुन्हा घट्ट होत नाहीत. ते स्क्रूत मोडतात आणि स्क्रू जाम होतो. ते बर्नरपासून लांबच ठेवा आणि बंबात शेणींबरोबर जाळून संपवा.

नवी पोती आली की खाली लाकडी फळ्या, भिंतीपासून वीतभर अंतर आणि वरून प्लास्टिक. पण चारी बाजूंनी आवळून गुंडाळू नका, फरशीची ओल आत कोंडते. उघडलेलं पोतं त्याच दिवशी संपवा, आणि रात्री हॉपरमध्ये पेलेट शिल्लक ठेवायचेच झाले तर झाकणाची रबरी पट्टी नीट बसतेय ना ते बघा.